दीडशेवरचा एक

डॅलसजवळच्या प्लेनोतल्या आमच्या पहिल्या अपार्टमेंटमध्ये मी एक असा कॉम्प्युटर बांधला होता, की तो चालू केला की शेजारच्या तीन घरांतले दिवे मंद व्हायचे. त्याच्या पोटावर मी एकदा उडदाचा पापड भाजला होता. त्याच्या पंख्याचा आवाज असा होता, की खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी लीझिंग ऑफिसात जाऊन, वरच्या मुलाने घरात हेलिकॉप्टर ठेवलंय, अशी तक्रार केली होती. यातलं खरं किती ते शेवटी सांगतो. घाई करू नका.

साल २००३. आमच्या ऑफिसच्या इमारतीला चार मजले होते आणि त्यातल्या दोन मजल्यांवर आता दिवेसुद्धा लावत नसत. टीममध्ये आम्ही अकरा होतो ते चार उरलो होतो. ग्रीन कार्डची फाइल कुठल्यातरी सरकारी टेबलावर गाढ झोपली होती, बढती हा शब्द लोक कुजबुजत बोलायचे, आणि व्हिसाच्या भीतीने मी बॉसच्या प्रत्येक विनोदाला हसायचो. विनोद कळायच्या आधी हसायचो. अशा काळात माझ्या आयुष्यात पुढे सरकणारी एकच वस्तू होती, ती म्हणजे हा कॉम्प्युटर, आणि तो मी स्वतःच्या हाताने स्क्रू पिळून बनवला होता.

बनवला म्हणजे स्वस्तात बनवला. डॅलसमधल्या एका पार्किंग लॉटमध्ये महिन्यातून एका शनिवारी सुट्या भागांचा बाजार भरायचा. माणसं पिकअप ट्रकची मागची फळी पाडून त्यावर दुकान मांडायची. आमच्याकडे आठवडी बाजारात बोंबील आणि दोरखंड शेजारी शेजारी असतात, तसे तिथे मॉनिटर आणि शिकारीचे बूट. तिथे एका टोपीवाल्या म्हाताऱ्याकडे आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात मेमरीच्या पट्ट्या टाकलेल्या होत्या, भेंड्या टाकाव्यात तशा. माझा हात सवयीने गेला. भेंडी कोवळी आहे का हे बघायला टोक मोडतो ना आपण, तशी मी एक पट्टी वाकवून बघायला घेतली. म्हातारा असा ओरडला, की बाजार दोन मिनिटं थांबला. मग विकत घ्यावीच लागली.

ती ही दुसरी पट्टी. पहिली मशीनबरोबर घेतलेली, हिरवी, नाव-गाव-घराणं असलेली, वेगाने पळणारी. ही निळसर, निनावी. वर चिकटवलेल्या कागदावर कोणीतरी पेनाने तिचा वेग लिहिला होता, तोही खोडून पुन्हा लिहिलेला. दोघी शेजारी बसवल्या. मशीन सुरू झालं. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे कुठल्याही तांत्रिक तपासणीचा शेवटचा शेरा ‘चालतंय की’ एवढाच असतो.

आता वेग वाढवणं म्हणजे काय, तर लेझीम. लेझीम खेळणारी पोरं पन्नास असतात, पण ठेका देणारी हलगी एक. हलगीवाल्याने हात उचलला की सगळ्यांचे पाय उचलतात. कॉम्प्युटरच्या आतही असा एक ठेका असतो आणि सगळे भाग त्यावर नाचतात. कारखान्याने आमच्या मशीनचा ठेका एकशे तेहेतीसवर बांधून दिला होता. पण मशीन सुरू होताना डिलीटचं बटण दाबून धरलं, की एक निळा पडदा यायचा आणि तिथे हा आकडा बदलता यायचा. म्हणजे हलगीवाल्याच्या कानात जाऊन ‘होऊ दे जोरात’ म्हणायचं. फुकटात! स्वस्त मशीन महागाच्या तोडीने पळतं. फक्त पन्नासातलं सगळ्यात हळू पोर ज्या वेगाला पाय अडकून पडेल, तिथे थांबायचं. आमच्या लेझमीत ते पोर म्हणजे ती निळी पट्टी.

मी एकेक पायरी वर गेलो. एकशे चाळीस. पंचेचाळीस. दीडशे. दीडशेवर मी गंभीर झालो. फ्लॉपीवरून चालणारा मेमरी तपासणीचा एक प्रोग्रॅम असायचा, तो शनिवारी पोहे झाल्यावर लावला. संध्याकाळच्या चहापर्यंत तो दोन्ही पट्ट्यांच्या प्रत्येक घरात जाऊन दार वाजवत होता. चुका: शून्य. तिथे थांबायला हवं होतं.

पण पडद्यावरचं ते नुसतं दीडशे माझ्याने बघवेना. लहानपणी घरात लग्नसराईला आहेराची पाकिटं भरायचं काम माझ्याकडे असायचं. पन्नास असतील तर एक्कावन्न, शंभर असतील तर एकशे एक. वर एक नाणं पाकिटालाच चिकटवलेलं. मी आईला एकदा विचारलं होतं, हा वरचा एक कशाला? ती म्हणाली, “नुसते दीडशे दिले की व्यवहार पुरा झाला. वरचा एक म्हणजे पुढचं येणं-जाणं चालू राहू दे म्हणून.” शून्यावर गोष्ट संपवायची नाही, एवढं माझ्या रक्तात गेलं होतं. त्यात आमच्या आयुष्यात तेव्हा सगळंच शून्यावर येऊन थांबलेलं. म्हटलं, शुभ करावं. आकडा एकशे एक्कावन्न केला.

पुन्हा तपासला नाही. आहेराचा वरचा रुपया खोटा आहे का, हे कोणी बँकेत जाऊन बघतं?

आता बायको. ती पुण्याची, संख्याशास्त्राची एम.एस्सी., आणि प्लेनोत येऊन तिला दहा महिने झाले होते. तिच्या व्हिसावर ‘डिपेंडंट’ असा शिक्का होता. डिपेंडंटला नोकरी करता येत नव्हती. शिकता येत होतं, म्हणून तिने वीस मिनिटांवरच्या विद्यापीठात प्रवेश घेतला होता. गाडी एकच, ती मी ऑफिसला न्यायचो, म्हणून तिचं बरंचसं काम घरच्या मशीनवरच. तिच्या प्रोफेसरांकडे असिस्टंटशिपची एक जागा रिकामी होणार होती. ती मिळाली तर फी माफ, थोडा पगार, आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या नावाचा विद्यार्थी व्हिसा. तो शब्द पुसला जाणार होता. हे ती बोलून दाखवायची नाही, पण कुठलाही फॉर्म भरताना त्या शब्दापाशी तिचं पेन जरा थांबायचं.

त्या जागेसाठी प्रोफेसरांनी तिला एक काम दिलं होतं. एका गावात साथ कशी पसरेल, हे कॉम्प्युटरवर खोटं खोटं गाव वसवून बघायचं. प्रोग्रॅम तीन तास चालायचा आणि शेवटी एक आकडा द्यायचा. त्यातले योगायोग कॉम्प्युटरच पाडायचा. ते योगायोग कसे पाडतो, हे तिने मला समजावलं होतं: “पत्ते पिसलेत असं समज, पण पिसायची रीत ठरलेली आहे. त्याच पानापासून सुरुवात केली, की दर वेळी तोच डाव पडणार. उत्तर शेवटच्या दशांशापर्यंत तेच यायला हवं.”

येत नव्हतं. सोमवारी एक, मंगळवारी वेगळं. फरक बारीक, चौथ्या-पाचव्या दशांशात, पण फरक. प्रोफेसर म्हणाले, तोच डाव दोनदा वेगळा पडत असेल तर तुमच्या प्रोग्रॅममध्ये चूक आहे, शोधा. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या बुधवारपर्यंत थांबतो, दुसरा एक विद्यार्थी रांगेत आहे.

तिने शोधलं. तीन आठवडे शोधलं. प्रोग्रॅमचे कागद छापून हॉलच्या कार्पेटवर पसरले आणि पेन्सिल घेऊन ओळ न् ओळ हाताने सोडवली. मी ऑफिसातून यायचो तर घरात जमीन दिसायची नाही. मी कागदांच्या कडेकडेने, ओल्या फरशीवरून जावं तसा आत जायचो. एकदा तिने मान वर न करता विचारलं,

“अरे, तुझ्या मशीनचं तर काही नाही ना?”

“मशीनचं? मशीन बघ कसं पळतंय! दिवसभर टेस्ट केलंय. शून्य एरर.”

“ते वाढवलेलं खाली आणणार होतास ना तू?”

“केव्हाच आणलं.”

“मग माझंच आहे कुठेतरी,” ती म्हणाली आणि पुढचा कागद ओढला.

मी जन्मभर थापा मारल्या आहेत. पण त्या थापांना शिंगं असतात, शेपूट असतं, अंगावर झूल असते. लांबून येताना दिसतात आणि लोक बाजूला होऊन गंमत बघतात. त्यांनी कोणी फसत नाही. ‘केव्हाच आणलं’ ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात आखूड थाप. दोन शब्द. साधी, धुतलेली, इस्त्री केलेली. तिच्यावर कोणीही विश्वास ठेवला असता.

का मारली? मला खरंच वाटत होतं की मशीन ठीक आहे. निदान मी तसं वाटून घेतलं होतं. खाली आणायचं म्हणजे पुन्हा एकशे तेहेतीसवाल्या माणसांत येऊन बसायचं. पाडव्याच्या जेवणाला मंडळी जमणार होती आणि तिथे सांगायला माझ्याकडे एवढाच आकडा होता.

पाडव्यानंतरच्या रविवारी एका मित्राकडे जेवण होतं. श्रीखंड दुकानातल्या सावर क्रीमचं, पण गुढी खरी, बाल्कनीत, वर पितळी गडव्याच्या जागी स्टीलचा ग्लास. तिथे मी वाटीभर श्रीखंड संपेपर्यंत मशीनचा पोवाडा गायलो. ऐकणाऱ्यांत मित्राचे वडील होते, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेले. सगळे त्यांना काका म्हणत. वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झालेला माणूस. आयुष्यभर दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासले.

“एकशे एक्कावन?” काका म्हणाले. “अन् हे एक वरतं कायले?”

“शुभ असतं ना काका.”

“काय गा! मशीनले आहेर करून राहिला का तू?” सगळे हसले. मीही हसलो. मग ते म्हणाले, “मोजते बरोबर?”

“पळतंय म्हणजे काय, वाऱ्यासारखं!”

“पयते हे नाही विचारलं म्या. मोजते का बरोबर?”

मी म्हटलं, काका, ते कळणार कसं? त्यावर ते वाटी खाली ठेवून सांगायला लागले, आणि त्यांच्या आवाजात मस्करी उरली नाही. “सोपं हाये. तेच वजन त्याच पारड्यात तीनदा ठेवाचं. तीनदा येगयेगळं आलं, तर वजन खोटं नसते, काटा खोटा असते. दुकानदाराले ठाऊक असते बरं का. पण म्या काय पाह्यलं माहीत हाये? बाई घरी जाऊन डाळ पुन्हा मोजते, अन् म्हणते, माह्याच हातून सांडली असन. दर वेळी. काट्यावर शंका घेत नाही. स्वतःवरच घेते.”

बायको तेव्हा आत पुऱ्या लाटत होती. तिने ऐकलं नाही. मी ऐकलं.

घरी आल्यावर ती कपडे बदलायला गेली तेवढ्यात मी मशीन पुन्हा सुरू केलं, डिलीट दाबलं, आणि आकडा खाली आणला. किती खाली? दीडशे. फक्त वरचा एक काढला. चोरी परत करतानाही मी हात आखडताच घेतला. बोललो नाही. म्हटलं, आधी बघू तरी.

त्या संध्याकाळी तिने प्रोग्रॅम लावला. सोमवारी सकाळी पुन्हा लावला, दुपारी पुन्हा. तिन्ही वेळा तेच उत्तर, शेवटच्या दशांशापर्यंत. मला ऑफिसात फोन आला. “सापडलं!” ती इतक्या जोरात म्हणाली, की शेजारच्या क्युबिकलमधला मुंबईकर उठून बघायला लागला. तिने रविवारी एक ओळ वाढवली होती. एक यादी सुरुवातीला शून्य करून घ्यायची, खबरदारी म्हणून. तिला वाटलं, हीच ती चूक होती.

मला वाटलं, सुटलो. खरं सांगतो, पहिलं तेच वाटलं. गाडी चालवत घरी येताना हायवेवर मी शिट्टी वाजवत होतो.

दार उघडलं तर कार्पेट रिकामं. कागद गोळा करून, रबर लावून, कोपऱ्यात. ती मशीनसमोर बसून प्रोफेसरांना ईमेल लिहीत होती. “बघ जरा इंग्रजी,” म्हणाली. मी वाकून वाचलं. आपल्याकडून प्राथमिक स्वरूपाची चूक झाली, तीन आठवडे ती लक्षात आली नाही, याबद्दल दिलगीर आहे, पुढे अधिक काळजी घेईन, असं होतं. शब्द सभ्य होते. ती चार वर्षं ज्या विषयात पहिली आली होती, त्या विषयात आपण कच्चे आहोत, असं ती एका परक्या माणसाला लिहून देत होती. सहीनिशी. आणि ज्या ओळीवर खापर फोडलं होतं, ती ओळ बिचारी असली काय नि नसली काय, उत्तर तेच येणार होतं.

“पाठवू नकोस,” मी म्हटलं.

“का? स्पेलिंग चुकलंय?”

“चूक तुझी नाहीये.”

तिने खुर्ची वळवली. मी सांगितलं. उभ्याउभ्याच, शिंगं-शेपूट न लावता. मला वाटतं, मी तिला शिंगं न लावता सांगितलेली ती पहिलीच गोष्ट.

“तू म्हणालास खाली आणलंय.”

“नव्हतं आणलं.”

“किती होतं?”

“एकशे एक्कावन्न.”

“दीडशे का नाही?”

“शुभ म्हणून.”

ती एकदाच हसली, खोकल्यासारखं. “माझ्या प्रोग्रॅमला आहेर केलास तू?” पुढे हसली नाही. उठून कोपऱ्यातला गठ्ठा आणला, रबर काढलं आणि पानं चाळायला लागली. पेन्सिलीच्या खुणा, खोडलेल्या, पुन्हा केलेल्या. “म्हणजे हे बरोबर होतं,” ती म्हणाली. पुढचं पान. “हेपण बरोबर होतं.” मला नाही, पानांना सांगत होती. शेवटचं पान उलटून म्हणाली, “मला वाटायला लागलं होतं, की लग्न करून मी इकडे आले आणि डोकं तिकडेच राहिलं.”

मी खाली बसलो आणि तिने बाजूला ठेवलेली पानं एकावर एक लावायला लागलो.

भांडण झालं, पण नंतर. आधी तिने काम केलं. ईमेल खोडून दुसरा लिहिला, दोन दिवस वाढवून मागितले. मग माझ्या हातून ठेका बदलून घेत तोच प्रोग्रॅम एकशे तेहेतीसवर तीनदा, दीडशेवर तीनदा आणि एकशे एक्कावन्नवर तीनदा चालवला, वाढवलेली ओळ काढून. दोन दिवस ते मशीन सोडून घरात कोणी बोललं नाही. नऊ उत्तरांचा तक्ता केला. पहिली सहा सारखी. शेवटची तीन तीन तऱ्हांची. सगळा गुन्हा त्या वरच्या एकाचा होता. अहवालाच्या शेवटी तिने तो तक्ता जोडला आणि खाली एक वाक्य लिहिलं: मशीनचा वेग कुटुंबातील एका सदस्याने वाढवला होता. माझं नाव नाही, नातं नाही. एक सदस्य.

प्रोफेसरांनी अहवालापेक्षा तो तक्ता जास्त वेळ बघितला, असं तिने सांगितलं. असिस्टंटशिप तिला मिळाली. शरद ऋतूत व्हिसाचा नवीन कागद आला आणि तो तिने मला न दाखवता आधी स्वतः उभं राहून वाचला. त्यात तो शब्द नव्हता.

काकांना मी सगळं सांगितलं, माझी थाप धरून. ते भारतात परतायच्या आधी एकदा घरी आले, मशीनभोवती फेरी मारली आणि म्हणाले, “तपासलेल्या काट्यावर शिक्का पाह्यजे.” बायकोने चिकटपट्टीचा तुकडा दिला. त्यांनी त्यावर लिहिलं: तपासले. १५०. खाली त्यांची निरीक्षकाची जुनी, लफ्फेदार सही आणि तारीख. मग तो तुकडा मशीनच्या पत्र्यावर डकवला. ते डबडं मोडीत निघालं तेव्हा मी तेवढा पत्रा कापून ठेवला.

तेव्हापासून आमच्या घरात ‘वरचा एक’ हा शब्द रूढ झाला. मी चारचौघांत रंगात आलो, की ती पलीकडून शांतपणे म्हणते, “वरचा एक काढ.” लोकांना कळत नाही. मी काढतो, बहुतेक वेळा. पण आईचंही अगदी खोटं नव्हतं, असं मला वाटतं. नुसत्या दीडशेवर गोष्ट संपते, तिला पुढे येणं-जाणं राहत नाही. लग्नाच्या पाकिटांवर मी अजून नाणं चिकटवतो. फक्त मोजायच्या वस्तूवर चिकटवत नाही.

तर सुरुवातीचं खरं-खोटं. ही पानं तिने वाचली, पेन्सिल घेऊन. दिवे तीन घरांतले नाही, आमच्याच हॉलमधला एक, तोही एकदाच. पापड ठेवला होता हे खरं. तो भाजला नाही, कोमट होऊन वाकला. आजीबाईंनी तक्रार केली नव्हती, जिन्यात भेटल्यावर ‘कसला आवाज?’ एवढंच विचारलं होतं. हेलिकॉप्टर मी म्हणालो होतो.

आणि पुऱ्या लाटताना काकांचं बोलणं ‘तिने ऐकलं नाही’, या वाक्याखाली तिने पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढली आहे. समासात काही लिहिलेलं नाही. विचारलं तर म्हणते, “राहू दे. शुभ असतं.”